रबराच्या कडेनं, हळू

२ फेब्रुवारी, रविवार
यांना झटका येऊन आज तीन महिने. बी.पी. १३४/८४. उजवा हात तसाच. पाय काठीच्या आधारानं ओट्यापर्यंत. बोलणं नाही. ‘अं’ आणि ‘ते-ते’, बस. एकतीस वर्षं सरकारी जीप चालवली, वाटेतल्या एकेका गावाची कुंडली साहेबांना ऐकवली, तो माणूस.

प्रणालीचा पुण्याहून फोन. “आई, गाडी विकून टाक ना. उभ्या उभ्या सडून राह्यली. तुले चालवता येत नाई, बाबा आता चालवणार नाईत. काऊन ठेवून राह्यली?” रोहणा गावचे कोणी मास्तर आहेत, तिच्या मैत्रिणीचे नातेवाईक. त्यांना हवी आहे. मी बरं म्हटलं. फोन स्वयंपाकघरात घेतला होता, दार लोटून.

यांना विचारलं नाही. विचारलं तरी उत्तर कुठे देता येतं त्यांना, असं मनाशी म्हटलं. तीनदा म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं.

४ फेब्रुवारी
दवाखाना. स्पीच थेरपीच्या मॅडम, वयानं प्रणालीएवढ्याच. म्हणाल्या, “काकू, काकांना सगळं कळतं. शब्द आत आहेत, दारात अडकतात.” आणखी एक: हो आणि नाही उलटसुलट होईल. हो म्हणायचं असेल तर तोंडातून नाही निघेल. एकदा विचारून धरून चालू नका. वेगवेगळ्या दिवशी विचारा, प्रश्न फिरवून विचारा.

चित्रांची कार्डं दिली. कप, पंखा, गाय, छत्री. घरी आल्यावर समोर मांडली. हे गाईकडे बघत बसले, मग डाव्या हातानं सगळी खाली लोटून दिली. मी जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला. अशीच कार्डं करायची, पुठ्ठ्यावर. पासष्ट वर्षांच्या माणसापुढे गाय धरताना लाज वाटली. यांनाही वाटली असणार. कार्डं उचलून कपाटात टाकली.

९ फेब्रुवारी, रविवार
आज चार शब्द बोलले. लिहून ठेवायलाच पाहिजे.

मास्तर या महिन्यात कधीही गाडी बघायला येतील म्हणून सकाळी धुवायला काढली. यांनी कधी मला हात लावू दिला नाही. दर रविवारी दोन तास स्वतः. “तू दूर राह्य, चरे पाडशील.” पांढरी गाडी, चौदा वर्षांची. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्यावर निवृत्तीच्या आधी घेतलेली आपली पहिली आणि शेवटची. तीन महिन्यांची धूळ, वर कडुनिंबाची पानं, आणि काचांच्या भोवतीच्या रबरात कापूस. आमच्या समोरून जिनिंगचे ट्रक जातात, हंगामभर कापूस उडतो, तो त्या रबरात जाऊन बसतो आणि धुळीनं थापला जातो.

बादली, कपड्याची पावडर, भांड्याची हिरवी घासणी. हे ओट्यावर खुर्चीत. मी रबर घासायला घेतलं, कढई घासावी तसं. काळं निघायला लागलं. मला वाटलं मळ. अजून जोर लावला. तो काळा ओघळ दारावर उतरला, तोही घासणीनंच पुसला.

मागून आवाज. “र... रब... रबर! नाई! घासू नाई!”

वळून बघते तर हे उभे. काठी खुर्चीला टेकलेली तशीच. हात पुढे केलेला. मी घासणी टाकली आणि धावले. धरून बसवलं. दोघंही रडलो. ते गाडीसाठी रडत असतील. मी रडले ते चार शब्दांसाठी.

काचेखाली दारावर वीतभर चरे पडलेत. उन्हात जाळीसारखे दिसतात.

१० फेब्रुवारी
मॅडमना फोन करून सांगितलं. त्या हसत सुटल्या. “काकू, कार्डं परत आणून द्या. तुमच्या दारात एवढं मोठं कार्ड उभं आहे.”

प्र.ला फक्त ‘बाबा बोलले’ एवढं सांगितलं. ती रडली. चऱ्यांचं सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी
जिन्याखालचा यांचा पत्र्याचा डबा काढला. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा उघडला. मऊ झालेल्या बनियनचे चौकोनी तुकडे, घड्या घालून, दोन गठ्ठ्यांत. दाढीचा जुना ब्रश. स्पंज. कागदी चिकटपट्टीचं रीळ. अर्धी बाटली गाडीचा शाम्पू. माझ्या साडीच्या घड्या कधी इतक्या नीट नसतात.

एकेक वस्तू यांच्या मांडीवर ठेवली. काही विचारलं नाही. ब्रश हातात घेतला, अंगठ्यानं केस उलटे केले, आणि म्हणाले, “ब्रश.” सहज, कप उचलावा तसं. मग बनियनच्या दोन गठ्ठ्यांकडे बोट. “हे... काळं. हे... पांढरं.” दोन्ही गठ्ठे पांढरेच! मला समजेना. हे चिडले. मग मीच एक तुकडा नाकाशी नेला तर रबराचा वास. एक गठ्ठा फक्त रबराला, दुसरा फक्त रंगाला. रबराचं फडकं रंगावर आलं की त्याचं काळं रंगाला लागतं. मी केलं तेच.

“बरोबर?” विचारलं. “नाई,” म्हणाले आणि मान जोरात होकारार्थी हलवली. मग स्वतःलाच हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज नीट धुतली. म्हणजे यांनी माझ्याकडून धुवून घेतली. सकाळी सातलाच, ऊन गाडीवर यायच्या आधी. खुर्ची ओट्यावरून खाली, गाडीपासून दोन हातांवर.

बोअरची नळी घेतली तर “नाई नाई.” नळाच्या टाकीकडे बोट. हो, बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग, आपल्या स्टीलच्या पेल्यांवर पडतात तसेच. तेवढी दोन पिंपं नळाचं पाणी भरलं. शेजारच्या काकू बघत होत्या. बघू दे.

“आता काय?”
“पाणी.”
नुसतं पाणी, आधी वरून. टपावरून सोडायचं आणि धूळ स्वतः मऊ होऊन खाली येईपर्यंत वाट बघायची. मी फडकं उचललं की “हळू.” रबरातला कापूस ओढायला गेले की “हळू.” कोरडा ओढला तर अर्धा आत तुटतो. भिजला की बोटाच्या पेरानं गोळा होऊन येतो, बाळाच्या कानातला मळ काढावा तसा. मग दाढीचा ब्रश शाम्पूच्या पाण्यात बुडवून रबराच्या कडेकडेनं, एकाच दिशेनं. आडवा नाही. रबर आणि रंग जिथे भेटतात ती बारीक रेघ, माती तिथेच दडते, आणि जोरानं घासलं की तीच माती रंगाला ओरखडते. हे सगळं यांनी सांगितलं असं मी लिहिते आहे, पण सांगितलं ते पाच-सहा शब्दांत आणि डाव्या हातानं. बाकी मी समजले. मला समजतं, हे मलाच नवीन.

शेवटी “दार.” चारही दारं उघडून चौकटीच्या रबराच्या खोबणीतलं पाणी टिपलं. तिथे ओल राहिली की गंज.

आजचे शब्द मागच्या पानावर मांडले: पाणी, वरून, हळू, दार, इकडे, उलटं, बस. ‘हळू’ किती वेळा ते मोजलं नाही. अडतीस वर्षांत मला कधी इतक्यांदा हळू म्हणाले नव्हते. तेव्हा घाई यांचीच असायची.

मास्तरांचा निरोप आला, महिनाअखेरपर्यंत जमत नाही, पुढच्या महिन्यात येतो. बरं वाटलं. का वाटलं ते लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
वाईट दिवस.

सलीमभाईंना बोलावलं होतं, चरे दाखवायला. यांचे जुने दोस्त, गाड्यांना रंग मारतात. त्यांनी दारावर बोट फिरवलं. “वहिनी, निघून जाईन. वरवरचे आहेत. काळ्या पट्टीवर कागदी टेप लावतो, मग हातानं पॉलिश. टेप नाई लावली तं पॉलिशचं पांढरं त्या पट्टीत जाऊन बसते, मग वर्षभर निघत नाई.” मग मागच्या डाव्या दाराशी वाकले. ते दार एकदा ठोकर लागून परत रंगवलेलं. पट्टीच्या कडेला रंगाचा पापुद्रा जरासा सुटलाय. “हे पाह्यलं का? मशीनच्या फवाऱ्यानं धुवाल तं कडेतून पाणी घुसन आन् रंगच उचलून नेईन. हातानंच धुजा.”

हे मन लावून ऐकत होते. “टेप,” म्हणाले. “हाव, टेप,” सलीमभाई खूश. आणि उठता उठता, “गाडी विकून राह्यले म्हणे? रोहण्याचे गुरुजी भेटले होते, सांगत होते. चांगला माणूस हाय, सांभाळीन.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं होतं. नुसतं पाहिलं, आणि काठी घेऊन आत गेले. सलीमभाईंना कळलं. “मले वाटलं भौले माहीत असन...” चहा न घेता गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार
बाहेर आले नाहीत. खुर्ची नेली नाही. ब्रश समोर धरला, घेतला नाही. परत शब्द बंद, ‘अं’सुद्धा नाही. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “शब्द गेले नाहीत काकू. काका रुसलेत. रुसणं हेही बोलणंच आहे.”

गाडी तशीच. पुन्हा कापूस.

२६ फेब्रुवारी
जेवणं झाल्यावर दुपारी यांच्यासमोर पाट घेऊन बसले. वर्गात पोरगं खोटं बोललं की मी त्याला उभं करायची. आज मी बसले, पण तसंच वाटलं.

म्हटलं, “मी चुकली. तुम्हाले विचारलं नाई. तुम्ही बोलत नाई म्हणून मी धरून चालली की तुमचं काई म्हणणंच नाई. प्रणालीले दोष नका देऊ, हो मी म्हणली. मले ती गाडी पाह्यली की तो दिवस आठवते. तुम्ही स्टेअरिंगवर मान टाकली होती. मले वाटे, ती गेली की तो दिवसही जाईन.”

हे मी प्र.ला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

यांनी काठी बाजूला ठेवली. मग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड हात. “कुं...” म्हणाले. “कुंदा.” मग पुढे काही जुळेना. ओठ नुसते हलत होते. मी म्हटलं, राहू द्या, झालं तेवढं.

नाव ऐकलं. बास.

२ मार्च, रविवार
आज स्टुलावर बसून पुढच्या दाराचं रबर यांनी स्वतः केलं, डाव्या हातानं. ब्रश दोनदा पडला. मी उचलून दिला नाही, तिसऱ्यांदा पडला तेव्हा दिला. एक दार, पाऊण तास. मी तेवढ्यात बाकीची गाडी धुतली.

रबराला तेल लावू का म्हटलं, चमक येईल. खोबरेल आणायला निघालेच होते. “नाई. फुगते.” अख्खं वाक्य! क्रियापदासकट! मी पहिलीची बाई, टाळ्या वाजवल्या. हे ओशाळले. तेल, रॉकेल काही नाही, ओलं फडकं आणि कोरडं फडकं. मग दारं उघडी ठेवून सावलीत वाळू द्यायची.

सलीमभाई आले, टेप लावून चरे काढून गेले. यांच्या नजरेला नजर देईनात. यांनीच त्यांच्या पाठीवर थाप मारली.

८ मार्च, शनिवार
मास्तर आले. पस्तिशीचे, साधे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला इथे वर्ध्याला आणावं लागतं. एसटीत म्हातारी बसू शकत नाही, परतताना तर उलट्या. “काकू, मले फिरायले नाई पायजे गाडी.” हे ऐकलं आणि माझं मन दुसऱ्या बाजूनं कलंडलं. खरं तेच लिहिते. वाईट माणूस आला असता तर सोपं झालं असतं.

पाया पडले यांच्या. गाडीभोवती फिरले. “चौदा वर्षांची वाटत नाई, काका.” मी चऱ्यांचंही सांगितलं, मागच्या दाराच्या पापुद्र्याचंही. हे काठी टेकत त्यांच्याजवळ गेले, त्यांचा हात धरला, काचेच्या रबरावर टेकवला आणि कडेकडेनं फिरवला. “इथं. हळू.” मास्तर मान खाली घालून ऐकत होते, विद्यार्थ्यासारखे. मागच्या दाराशी नेलं. पट्टीवर बोट. “मशीन... नाई.”

म्हणजे द्यायची म्हणून शिकवत होते? की गाडी दिसली म्हणून बोलत होते? मास्तर म्हणाले, “काका ठरवतील तसं. पाडव्याला सकाळी येतो. नाई म्हणले तरी चहा पिऊन जाईन.” आईसाठी यांनी झाडाची लिंबं दिली. स्वतः उठून, मोजून नाही, ओंजळभर. एका हाताची ओंजळ.

१४ मार्च, धुळवड
गल्लीतल्या पोरांनी गाडी गुलाबी केली. मी ओरडणार तोच हे हसायला लागले, खुदुखुदू. रंग वाळायच्या आत पाणी मारलं, भरपूर. घासायचं नाही, आता न सांगता कळतं. टप लगेच निघाला. कडांना राहतो, रबर आणि काच यांच्या मधल्या फटीत. तिथून ब्रशनं थोडा थोडा. पांढऱ्यावर उतरणारं गुलाबी पाणी बघून यांना काय वाटलं कोणास ठाऊक, तेच पाणी बोटाला घेऊन माझ्या गालाला लावलं. पोरं ओरडली. मी साठीची बाई, पळाले घरात.

रात्री आरशात पाहिलं, कानामागे राहिलाय. धुतला नाही.

२० मार्च
प्र.ला सगळं सांगितलं, आजवरचं. ती म्हणाली, “आई, मीच घाई केली. बाबा म्हणतील ते.” मग थोड्या वेळानं, “पण बाबा काय म्हणतात ते कसं कळणार?” तेच तर.

ऊन वाढलं. दुपारी दाराचं रबर चौकटीला चिकटतं, दार उघडताना फट् आवाज येतो. हे खिडकीतून म्हणाले, “सावली.” जुनी चादर बांधून सावली केली.

२७ मार्च, गुरुवार
मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. सकाळी चहा झाल्यावर, टीव्ही बंद करून विचारलं. “गाडी मास्तरांना द्यायची?”
“हाव.” लगेच.
पण मान आडवी हलली. चेहऱ्यावरून काही कळेना. धरून चालायचं नाही.

२८ मार्च
प्रश्न फिरवला. “गाडी आपल्याकडे ठेवायची?”
“हाव.”
मग स्वतःच कपाळावर हात मारला. “नाई... हाव... ते...” डोळ्यांत पाणी. मी हात धरून बसले. म्हटलं, घाई नाई. मास्तर चहा प्यायलाही येतील. मनात त्या म्हातारीची एसटीतली उलटी, आणि यांचं बोट रबराच्या कडेवरून फिरणारं. दोन्ही खरं आहे. मलाच विचारलं तर मी तरी एक शब्द सांगू शकेन का?

२९ मार्च, शनिवार
उद्या पाडवा. मास्तर सकाळी आठला.

रविवारची धुलाई आजच केली, दोघांनी मिळून. यांची दोन दारं, माझी दोन. सगळं झाल्यावर यांना सावलीत खुर्चीवर बसवलं, मी समोर पाटावर. आज हो-नाहीचा प्रश्नच विचारला नाही. म्हटलं, “गाडीचं काय करू? तुमच्या शब्दात सांगा. मी थांबते.”

थांबले. कडुनिंबाची फुलं पडत होती, धुतलेल्या टपावर. दूध उतू गेल्याचा वास आला, उठले नाही.

मग म्हणाले, “पुस.”

आमच्याकडे पुस म्हणजे फडकं मार, आणि पुस म्हणजे विचार. बोट दाराकडे होतं, तिथे रबराखाली पाण्याचा एक थेंब लोंबत होता. पण नजर माझ्याकडे. पुन्हा विचार म्हणता? कोणाला, मास्तरांना? त्यांच्या आईला? मला? का नुसता तो थेंब?

उठून थेंब टिपला. पांढऱ्या गठ्ठ्यातल्या फडक्यानं. परत येऊन बसले आणि परत विचारलं. हे डोळे मिटून शोधताहेत. अर्धा तास झाला असेल, वही मांडीवर घेऊन इथेच त्यांच्या शेजारी लिहिते आहे. दूध गेलं ते गेलं.

आत्ता यांनी डोळे उघडले. ओठ जुळवताहेत. वही ठेवते.